अठ्ठाविसांतल्या सहा

लाल त्रिकोण पेटला तो फ्रीवेवर, शिवडीच्या वर.
मागे जर्मन पाहुणा आणि त्याच्या तीन बॅगा.
गाडी थांबली नाही, फक्त
चढावर एखाद्यानं गुडघा धरावा तशी झाली.
त्याचं विमान चुकलं नाही. माझी झोप चुकली.

शोरूममधल्या पोरानं कागद छापून दिला:
नवी बॅटरी, दोन लाख चाळीस हजार, अधिक कर.
वर पाणी विचारलं, थंड की साधं.
मी साधं म्हटलं.
अख्खी गाडीच घेतली होती साडेचारला,
वकिलातीतल्या एका साहेबाची, सात वर्षं वापरलेली.

कुर्ल्यात अल्ताफ परकारनं मागची सीट उचलली,
नारिंगी खटका ओढून खिशात टाकला
आणि घड्याळ बघत उभा राहिला.
"दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही.
वीज गेली तरी तिची सवय जात नाही."
माणूस दापोलीकडचा.
दहा मिनिटांत आम्ही हर्णैच्या लिलावातला
सुरमईचा भाव काढला.

पंख्याच्या जाळीतून निघाले कुत्र्याचे केस, पांढरे, मूठभर.
साहेबाचा कुत्रा. पाच वर्षं गाडी चालवतोय,
आणि हा पाठीमागे बसलाय मला माहीत नाही.
तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवं चढलेलं,
दिवाळीलाच घासतात त्या पळीसारखं.

अठ्ठावीस वड्या, दप्तरातल्या वह्यांसारख्या उभ्या.
एकेकीला तो हेडलाइटचा बल्ब लावी, दोन मिनिटं,
आणि रेहान खडूनं आकडा लिही.
बावीस धड. सहा गळाठलेल्या.
एकोणिसावी तर बल्ब पेटतो न पेटतो तोच विझली,
नाव विचारल्यावर कुणी मान फिरवावी तशी.

"मग सहाच नव्या घाल," मी म्हटलं.
"नव्या नको. नवीचा दम लांब.
ती पळत राहते, आणि मागे या जुन्या
रिकाम्या होऊन उलट्या फिरतात."
त्याच्याकडे होत्या खोपोलीला ठोकलेल्या एका गाडीतल्या,
याच वयाच्या.
आतल्या माणसांचं काय झालं, मी विचारलं.
तो चिंधीनं टोकं पुसत राहिला.
"पुढून ठोकली होती. बॅटरी मागे असते."

रात्री सगळ्या फरशीवर मांडल्या,
धनाला धन, ऋणाला ऋण, खांद्याला खांदा.
"आता यांच्यात आपण पडायचं नाही.
जिच्याकडे जास्त, ती देईल. सकाळपर्यंत."
मी घरी गेलो नाही. सुगंधा फोनवर म्हणाली,
बॅटरीपाशी झोपतोस, शोभतं का?
पुढची सीट पाडून, दार उघडं, पाय बाहेर.
वाटलं होतं, काहीतरी ऐकू येईल.
मच्छर होते. मिठीचा वास होता. बाकी काही नाही.
सहाला रेहान मीटर घेऊन फिरला:
सात पॉइंट नऊ. सात पॉइंट नऊ. सात पॉइंट नऊ.
खडू पुसल्यावर खोपोलीच्या कुठल्या
ते त्यालाही सांगता येईना.

बत्तीस हजार. वॉरंटी तीन महिने.
"तोंडी," अल्ताफ म्हणाला, "पण तोंड माझं आहे."
एकोणिसावी मी मागितली. दिली नाही त्यानं.
घरात ठेवायची वस्तू नव्हे ती, म्हणाला,
आणि बरोबरच्या पाचांसकट गोणीत टाकली.

कलानगरच्या सिग्नलला इंजिन आपणहून गप्प झालं.
किती महिन्यांनी.
मागच्या बाईंनी फोन कानावरून काढला.
"बंद पडली का हो?"
"नाही मॅडम. चालू आहे."
त्यांना पटलं नसावं. पर्स मांडीवर घेतली,
दाराच्या कडीवर हात ठेवला.
हिरवा झाला. ब्रेक सोडला,
आणि ती आवाज न करता निघाली,
आमच्या बावीस आणि कुणाच्या तरी सहांवर.